कॅमेरा आणि एआय वापरून घरबसल्या फिजिओथेरपी

पेशंट घरी व्यायाम करतोय, समोर मोबाईल किंवा टॅबलेट उभा केलाय आणि त्यातलं एआय सॉफ्टवेअर सांधा किती वाकला, किती वेळा वाकला, पद्धत बरोबर आहे का हे बघून दुसरीकडे बसलेल्या फिजिओला कळवतंय, अशी ही सोय. गुडघा किंवा खुबा बदलल्यावर, पॅरालिसिसनंतर, खांदा आखडल्यावर, कंबरदुखीत तिचा वापर होतो. खरी गरज कशातून आली तर फिजिओकडून घरी गेल्यावर पेशंट सांगितलेला व्यायाम करतो का आणि कसा करतो हे कुणालाच दिसत नाही, आणि ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे तर याच व्यायामावर सगळं अवलंबून असतं.

सुरुवात गेमच्या खोक्यातून झाली. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये एक्सबॉक्स ३६० या गेमच्या मशीनसाठी किनेक्ट हा कॅमेरा आणला, तो इन्फ्रारेडने समोरच्या गोष्टींचं अंतर मोजून अंगावरचे २० बिंदू पकडायचा, मग फिजिओथेरपीवाल्यांनी तोच उचलला. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ओपनपोज या सॉफ्टवेअरने साध्या कॅमेऱ्याच्या चित्रातून हे जमवलं आणि २०२० मध्ये गूगलचं ब्लेझपोज आलं, जे ३३ बिंदू मोबाईलवरच काढतं, म्हणजे व्हिडिओ घराबाहेर पाठवायचीही गरज नाही (अर्थात ॲप तसं बनवलं असेल तरच, हे वापरण्याआधी विचारून घ्यावं).

मोजणी सोपी आहे. खुबा, गुडघा, घोटा असे तीन बिंदू धरले की गुडघ्याचा कोन मिळतो, फिजिओ गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) लावून हेच करतात. पण झोपून टाच सरकवत जवळ आणायचा व्यायाम घ्या, इथे मोबाईल बाजूला हवा, पायथ्याशी ठेवला तर गुडघा वाकलेला नीट मोजताच येत नाही. साडी, लुंगी, ढगळ पायजमा असेल तर गुडघा कापडाखाली नेमका कुठे आहे याचा अंदाजच बांधला जातो, आणि उभ्या माणसापेक्षा आडव्या माणसाचे बिंदू जास्त चुकतात. खांद्याचं अजून वेगळं, हात वर जात नसला की पेशंट नकळत अख्खं अंग दुसऱ्या बाजूला झुकवतो, अशावेळी ॲप हाताचा कोन जमिनीशी मोजत असेल तर ते शाबासकी देऊन मोकळं होतं, तो धडाशी मोजला तरच चोरी पकडली जाते.

अमेरिकेत गुडघा बदललेल्या ३०६ पेशंटवर व्हेरिटास नावाची चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये छापून आले. किनेक्टवर चालणारी व्हेरा ही यंत्रणा घरी वापरणाऱ्यांचा गुडघा नेहमीची फिजिओथेरपी घेणाऱ्यांच्या तुलनेत मागे राहिला नाही आणि १२ आठवड्यांचा खर्चही कमी आला. मात्र तिथे व्हिडिओवर फिजिओ होता, नुसतं मशीन नव्हतं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. फिजिओचा खर्च वाचवायला म्हणून नुसतं ॲप हातात देणं पेशंटवर अन्याय आहे.

कारण कॅमेऱ्याला हात नाही. स्नायू कडक झालाय, सांधा गरम लागतोय, दाबलं की कळ येते हे त्याला कळत नाही. ऑपरेशननंतर पोटरी सुजून दुखायला लागली तर रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा स्क्रीनवर सगळं हिरवं दिसत असलं तरी व्यायाम थांबवून लगेच डॉक्टर गाठायचा. तोल सांभाळायचे व्यायाम वयस्कर माणसाने घरात कुणी जवळ उभं असल्याशिवाय करू नयेत.