खिशाकडे जाणारा हात: टेबलावरच्या जादूतल्या गिमिकची पार्श्वभूमी

गिमिक, म्हणजे जादूच्या प्रयोगामागचं छुपं साधन, लपवायचं कसं, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. ते हातात कधी आणायचं आणि हातातून कधी घालवायचं, यावर नीट विचार सुरू झाला तो बराच उशिरा. टेबलाशी बसलेल्या चार-पाच माणसांसमोर होणाऱ्या जादूचा इतिहास मला तरी या दोन क्षणांचा इतिहास वाटतो.

वाट्यांखाली गोळ्या गायब आणि प्रकट करायच्या खेळाचा उल्लेख पहिल्या शतकातल्या एका रोमन तत्त्वज्ञाच्या पत्रात सापडतो. युरोपात 1500च्या सुमारास काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात हाच खेळ टेबलावर चालू आहे. जादूगाराच्या कमरेला टोपली आहे आणि तिच्यातून घुबड डोकावतंय. गारुड्याच्या पोतडीत काय काय असतं हे आपण बोलतो, पण पोतडीचा खरा फायदा वेगळा होता. छडी काढायला, गोळी परत ठेवायला हात तिच्यात सारखा जायचाच. त्यामुळे एखाद्या वेळी तो हात शेवटचा मोठा लोड (वाटीखाली गुपचूप सरकवायची वस्तू) घेऊन बाहेर आला, तरी कुणाला खटकत नसे.

एकोणिसाव्या शतकात पोतडी गेली. तिची जागा शेपटीच्या कोटातल्या चोरखिशांनी आणि टेबलामागच्या छुप्या फळीने घेतली. ही सोय रंगमंचाची होती. प्रेक्षक समोर आणि लांब असले तरच चालणारी. जुगारी मात्र टेबलाशीच बसत. 1888 साली सॅन फ्रान्सिस्कोत एका पत्तेबाजाच्या अंगावर असं यंत्र सापडलं, की गुडघे जरा फाकवले की बाहीतून पत्ता पुढे येई आणि जवळ घेतले की आत जाई. हात अजिबात हलत नसत. सोबतच्या खेळाडूंना संशय आला तो त्याच्या सततच्या जिंकण्यामुळे.

आता ‘गिमिक’ या शब्दाकडे वळू, कारण हाताळणीतला बराच गोंधळ इथून सुरू होतो. हा शब्द अमेरिकेतल्या जत्रा-जुगाराच्या बोलीतला. 1926च्या एका बोलीकोशात त्याचा अर्थ ‘सरळ खेळ लबाडीचा करणारं साधन’ असा दिला आहे. ‘मॅजिक’ची अक्षरं उलटसुलट करून तो बनला, ही कथा रंजक आहे, पण मला ती मागाहून जोडलेली वाटते. ब्रिटिश जादूगारांनी याच्या शेजारी ‘फेक’ (इंग्रजीतला, नकली या अर्थाचा) हा दुसरा शब्द ठेवला होता आणि दोघांत स्पष्ट फरक केला होता. गिमिक प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. फेक उघड दिसते, पण ती आतून बदललेली असते: पोकळ नाणं, दोन्हीकडून पाठ असलेला पत्ता. पुढे विक्रेत्यांनी सगळ्यालाच गिमिक म्हणायला सुरुवात केली आणि हा फरक पुसला गेला. यात मोठं नुकसान झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. गिमिकला जागा लागते, कोन सांभाळावे लागतात. फेकला निवांतपणा लागतो. ती साध्या नाण्यासारखी टेबलावर पडू द्यायची आणि कुणी हात पुढे करण्याआधी खऱ्या नाण्याशी बदलायची. ‘गिमिक’ म्हणून विकत घेतलेलं पोकळ नाणं नवशिका मुठीत घट्ट धरून बसतो, आणि ती मूठच सगळ्यांच्या डोळ्यांत भरते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेला नकली अंगठा, म्हणजे खऱ्या अंगठ्यावर चढवून आत लहानशी वस्तू लपवायचं टोपण, या दोन्ही व्याख्यांत बसत नाही. तो दिसतो, पण अंगठा म्हणून. सुरुवातीचे अंगठे धातूचे आणि रंगवलेले होते, कातडीशी रंग क्वचितच जुळे. तरी ते चालले, कारण टोक प्रेक्षकाच्या दिशेने असलं आणि हात सहज हलत राहिला, की डोळा तिथे थांबत नाही. हात थबकला, की मात्र संपलं.

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत बसून काम करणाऱ्यांनी मांडीचा वापर कलेच्या पातळीवर नेला. हात टेबलाच्या कडेशी विसावतो, वस्तू मांडीवर पडते, शरीर मागे रेलतं. प्रेक्षकही त्याच्याबरोबर सैल होतात आणि वस्तू नेमकी त्या सैलपणात निघून जाते. त्याच सुमारास एका स्पॅनिश जादूगाराने वाटेतल्या कृतीचं तत्त्व मांडलं: गुप्त काम हे दुसऱ्या उघड कामाच्या वाटेवर उरकायचं. छडी घ्यायला हात खिशात जातो, नाणं तिथेच राहतं, आणि लोकांच्या लक्षात राहते ती छडी. पोतडीवाल्यांना हे हाताने ठाऊक होतं. इथे ते पहिल्यांदा तत्त्व म्हणून शब्दांत आलं.

रेस्टॉरंटमधली टेबलं फिरायची पद्धत वाढली, तशी मांडी हातची गेली. जादूगार उभा, प्रेक्षक बसलेले. म्हणजे त्याचे खिसे त्यांच्या नजरेच्या पातळीवर आणि ओंजळ खालून दिसणारी. शिवाय पुढच्या टेबलाशी तोच प्रयोग मिनिटभरात पुन्हा उभा करायचा. त्यामुळे प्रत्येक वस्तूचा खिसा ठरला, आणि संपलेला प्रयोग ठेवताना पुढच्याचं गिमिक बोटांत घेऊन येणं ही रोजची चाल झाली. ठेवणं आणि काढणं एकाच फेरीत.

1950च्या दशकात चुंबकी कप आला, गोळी आतल्या आत चुंबकाने धरून ठेवणारा. 1980च्या दशकात निओडिमियम चुंबक मिळू लागले आणि लहानशा तुकड्यात भरपूर ओढ आली. त्यासोबत नवी कटकटही आली: खिशात दोन गिमिकं एकमेकांना चिकटतात, आणि शांत टेबलाशी तो ‘टक्’ स्पष्ट ऐकू येतो. म्हणून अनुभवी लोक चुंबकाची वस्तू एकटी, वेगळ्या खिशात ठेवतात.

अलीकडे बरेच जण एका कॅमेऱ्यासमोर शिकतात. चौकटीबाहेर हात गेला की वस्तू टाकता येते, कारण विचारायला कुणी नसतं. टेबलाशी बसलेल्या माणसांना चौकट नसते. डावीकडच्या खुर्चीतल्या माणसाला तो हात कोपरापासून खिशापर्यंत पूर्ण दिसतो.