खालच्या थरातला गोविंदा हलत नाही, मग थकतो कशामुळे?

गुरुपौर्णिमा झाली की ठाण्यात रात्री मैदानांवर दहीहंडीचा सराव चालू होतो, आणि सगळे बघतात वर चढणाऱ्या पोरांकडे. मला मात्र खालचा थर बघायला आवडतो. ते जागचे हलत नाहीत, पाय रोवून नुसते उभे असतात, तरी थोड्याच वेळात मांड्या थरथरायला लागतात. भौतिकशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे वस्तू हललीच नाही तर कार्य शून्य, पण शरीराला तो हिशोब लागू होत नाही.

स्नायूच्या आत दोन प्रकारचे तंतू असतात, जाड मायोसिनचे आणि बारीक ॲक्टिनचे. स्नायू आवळतो तेव्हा हे तंतू आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात, आणि ही गोष्ट 1954 साली ह्यू हक्सली-जीन हॅन्सन आणि अँड्र्यू हक्सली-रॉल्फ नीडरगेर्के या दोन जोड्यांनी वेगवेगळं काम करून एकाच वेळी मांडली. मेंदूकडून निरोप आला की स्नायूपेशीत कॅल्शियम सुटतं, त्यामुळे ॲक्टिनवरच्या पकडायच्या जागा उघड्या पडतात, मग मायोसिनची डोकी तिथे चिकटतात, ओढतात, सुटतात, परत चिकटतात. रस्सीखेचीत दोर जागचा हलत नसला तरी प्रत्येक जण पकड बदलत ओढतच असतो ना, तसंच. प्रत्येक वेळी पकड सोडायला एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा, रेणू लागतो. म्हणजे नुसतं वजन धरून उभं राहायचं तरी आत एटीपी जळतच राहतं. मेल्यावर शरीर ताठ होतं तेही त्यामुळेच, एटीपी संपलं की पकड सुटतच नाही.

साठलेलं एटीपी जोराच्या कामात दोन-तीन सेकंदच पुरतं, त्यानंतर क्रिएटिन फॉस्फेट (एटीपी पटकन परत बनवणारा स्नायूतला साठा) साधारण दहा सेकंद ओढून नेतं, पुढे ग्लायकोजेन (स्नायूत साठवलेली साखर) आणि ऑक्सिजनवर गाडी चालते. खालच्या थराची खरी अडचण इथेच आहे, कारण घट्ट आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. चालताना-पळताना स्नायू मधेमधे सैल पडतो म्हणून रक्त फिरतं, इथे ती सवलतच नाही.

पण थकलेल्या स्नायूत एटीपी संपलेलं नसतं हे मला सगळ्यात भारी वाटतं! ते फार खाली जायच्या आधीच जोर कमी होतो. क्रिएटिन फॉस्फेट आणि एटीपी तुटून फॉस्फेट साचत जातं, त्याने मायोसिनची ओढ कमी पडते, कॅल्शियमही कमी सुटतं, शिवाय मेंदूकडून येणारा हुकूमही ढिला होतो. म्हणजे स्नायू पूर्ण रिकामा व्हायच्या आत आपोआप ब्रेक लागतो.

आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखतात त्याचा दोष कृपया लॅक्टिक ॲसिडला देऊ नका, जिममध्ये अजूनही सर्रास सांगतात. लॅक्टेट (शरीरात ते ॲसिड याच रूपात असतं) तर तास-दीड तासात निघून जातं, हृदय ते इंधन म्हणून वापरतंसुद्धा. ते दुखणं येतं ते बारीक इजा आणि त्यामागून येणाऱ्या सुजेमुळे, खास करून स्नायू ताणला जात असताना जोर लावला की, म्हणजे वजन सांभाळत हळूहळू गुडघे वाकवताना वगैरे. एक ते तीन दिवस जास्त त्रास होतो, पण एकदा होऊन गेला की त्याच स्नायूला पुढच्या वेळी तेवढ्याच कामाने बराच कमी होतो, आणि हा फायदा काही आठवडे टिकतो.