आठ बाय चारच्या शीटमधून निघालेली मुक्कामाची गाडी

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या एका शेडमध्ये वर्षभर एक विचित्र वस्तू उभी होती. पुढून गोल, मागे उतरत गेलेली, दोन चाकांची, उंचीला माणसाच्या खांद्याइतकी. येणारा-जाणारा तिला काहीतरी नाव ठेवून जायचा. कुणी कासव म्हणे, कुणी अंडं. उसाच्या ट्रॅक्टरचा हुक डागायला आलेल्या एका ड्रायव्हरने तर "ही ट्रॉली पालथी का घातलीय?" असं सरळ विचारलं. ती माझ्या मित्राची टीअरड्रॉप, म्हणजे अश्रूचा थेंब: कारमागे जोडायची, आत दोघांनी झोपायचं आणि मागचं झाकण उचलून स्वयंपाक करायचा, अशी मुक्कामाची गाडी.

मित्राची यादी लांबलचक होती. एसी हवा, बेसिन हवं, टीव्ही हवा, आत उभं राहता यायला हवं. वाद घालण्यापेक्षा ही गाडी आली कुठून, हे मी शोधत बसलो. तिच्यात काय मावतं आणि काय मावत नाही, याचं उत्तर तिच्या जन्मातच आहे.

चाकांवरचं घर आपल्याला नवीन नाही. कॅराव्हॅन हा शब्दच फारसी कारवाँवरून इंग्रजीत गेला, आणि आपल्याकडे त्याला चोख शब्द आहे, तांडा. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख पालथा घालणाऱ्या लमाणांचे तांडे आज सोलापूरच्या आसपास वस्त्या होऊन स्थिरावलेत. चाल थांबली, शब्द राहिला. पण ते पोटासाठीचं फिरणं. हौसेसाठी चाकांवरचं घर बांधण्याची सुरुवात इंग्लंडमध्ये १८८५ साली झाली, असं साधारण मानतात. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, नौदलातून निवृत्त झालेल्या डॉक्टरने ब्रिस्टलच्या कारखान्याकडून 'वाँडरर' नावाची घोडागाडी बांधून घेतली आणि तो थेट स्कॉटलंडपर्यंत गेला. वजन सुमारे २ टन, ओढायला दोन घोडे, दिमतीला नोकर. पुढे १९०७ मध्ये तिकडे कॅराव्हॅन क्लबही निघाला. एकूण तो श्रीमंतांचा नाद होता.

टीअरड्रॉपची गोष्ट याच्या अगदी उलट टोकाची. ती मंदीतून निघाली.

१९३० चं दशक, अमेरिका. हातात पैसा नाही, पण दारात जुनी फोर्ड आहे. फोर्डच्या मॉडेल टीचं इंजिन अवघ्या २० हॉर्सपॉवरचं आणि त्यानंतरच्या मॉडेल एचं ४० चं. त्याच्यामागे भलं मोठं घर जोडलं तर पहिल्याच चढाला गाडी मान टाकणार. तेव्हा घर लहान करा. किती लहान? इथे प्लायवूड पुढे येतं. १९३४ च्या सुमारास पाण्याला दाद न देणारा डिंक निघाला आणि प्लायवूड पावसात ठेवण्याजोगं झालं. शीटचं माप आठ फूट बाय चार फूट, जे आजही आपल्या कन्ना चौकातल्या सुताराला झोपेत विचारलं तरी तो सांगेल. एक शीट तळाला आडवं, दोन बाजूंना दोन उभी. संपली गाडी. झोपायला सव्वासहा फूट गेले की मागे पावणेदोन फूट उरतात. एवढ्या जागेत माणूस शिरत नाही, म्हणून ती जागा बाहेरून उघडायची आणि तिथे चूल मांडायची. मागचं स्वयंपाकघर कुणा डिझायनरला सुचलं असं मला वाटत नाही. ते शीटच्या उरलेल्या तुकड्यातून आपोआप आलं असणार.

आकाराची गोष्ट वेगळी. तो त्या काळाचा नाद होता. एडमंड रुम्पलरने १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात थेंबासारखी मोटार आणली होती. ती फारशी खपली नाही, पण १९७९ मध्ये फोक्सवॅगनच्या वाऱ्याच्या बोगद्यात तपासली तेव्हा तिचा वायुरोधाचा आकडा ०.२८ निघाला (हा जितका कमी तितका बरा). आजच्या कितीतरी गाड्यांना तो जमत नाही. तिसाच्या दशकात आगगाडीच्या इंजिनापासून इस्त्रीपर्यंत सगळ्याला हा गोलवा आला. क्रायस्लर कंपनीने १९३४ मध्ये एअरफ्लो नावाची अशीच निमुळती मोटार काढली आणि तीही आपटली. ट्रेलरवाल्यांनी मात्र तो आकार उचलला. जाता जाता सांगायचं तर खरा पावसाचा थेंब असा नसतोच. पडताना तो खालून चपटा होतो, बनपावासारखा दिसतो. टोकदार शेपटीचा थेंब चित्रांतच जास्त राहतो. शिवाय कारच्या पाठीला चिकटून धावणाऱ्या ठेंगण्या ट्रेलरला या निमुळतेपणाचा कागदावर दिसतो तितका फायदा होत नाही. फायदा होतो तो मुख्यतः ठेंगणेपणाचा, म्हणजे आत उभं राहता न येण्याचा. मित्राच्या यादीतली एक ओळ तिथेच कटली.

दुसरं महायुद्ध संपलं आणि या गाडीला बरे दिवस आले. विमानांसाठी केलेलं अॅल्युमिनियम मोडीच्या भावात निघालं, जीपची चाकं मिळू लागली, घरी परतलेल्या सैनिकांच्या हातात कसब होतं. १९४७ मध्ये मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड मासिकात टीअरड्रॉपचा नकाशा छापून आला आणि लोकांनी तो आपापल्या गॅरेजात बांधला. आपल्याकडेही तेव्हा 'डिस्पोजल'चा, म्हणजे लष्कराने विकायला काढलेल्या मालाचा जमाना होता. डिस्पोजलच्या जीपा, डिस्पोजलचे तंबू हे शब्द जुन्या लोकांच्या तोंडी अजून असतात. मग आपल्याकडे ही गाडी का निघाली नाही?

कसब नव्हतं म्हणून, असं म्हणायला सोलापूरकर तरी धजणार नाही. १८८२ मध्ये इथेच जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टचा कारखाना उभा केला. दोन वर्षांत तो सरकारने ताब्यात घेतला आणि युद्धकाळात तिथे अमेरिकन विमानांची दुरुस्ती चालायची. युद्ध संपून काम आटलं तेव्हा त्याच कारखान्याने बसच्या बॉड्या आणि रेल्वेचे डबे बांधायला घेतले. पुढे १९६४ मध्ये त्या डब्यांच्या कामातून बीईएमएल ही वेगळी कंपनी झाली. मोटारींचं म्हणाल तर वालचंदांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तंत्र घेतलं ते एअरफ्लोवाल्या क्रायस्लरकडून. म्हणजे पत्रा होता, रिव्हेट मारणारे हात होते, क्रायस्लरशी नातं होतं. फक्त तिकडे विमानाच्या कारागिरीतून दोघांची मुक्कामाची गाडी झाली आणि इकडे तिसऱ्या वर्गाचा डबा. देशाला तेव्हा डबाच हवा होता. शिवाय मोटार होती कुणाकडे? आणि ज्याच्याकडे होती त्याला पुण्यात आत्या, बार्शीत मामा, विजापुरात साडू. पाहुण्याच्या गावाला जाऊन कुणी रस्त्याकडेला झोपला असता तर ती आत्या जन्मभर बोलली नसती.

अमेरिकेतही ही लाट टिकली नाही. १९५६ च्या कायद्याने रुंद महामार्ग आले, आठ सिलिंडरची इंजिनं आली, मागे मोठं घर ओढणं सोपं झालं. साठच्या दशकात टीअरड्रॉप परसात गंजू लागली. नव्वदच्या दशकात हौशी लोकांनी जुने नकाशे पुन्हा बाहेर काढले आणि इंटरनेटवर एकमेकांना दाखवत ती जागी केली. ३०० ते ५०० किलोत बसणारी, छोट्या कारला ओढता येणारी ही गाडी पेट्रोल महागलेल्या काळाला पुन्हा सोयीची वाटली.

मागच्या झाकणाखालचं स्वयंपाकघर मला मात्र कधी परकं वाटलं नाही. आषाढात शेगावची पालखी सोलापुरात मुक्कामाला येते तेव्हा दिंड्यांचे ट्रक बघा. वर राहुट्या आणि बांबू, आत वळकट्या, आणि मुक्काम पडला की मागचा फाळका पाडून त्याच्यावर परातीत कणीक. माणसं ट्रकमध्ये राहत नाहीत, ट्रकच्या भोवती राहतात. टीअरड्रॉपचंही तसंच. आत फक्त झोपायचं, बाकीचा संसार बाहेर. हे पटलं की एसी, टीव्ही आणि बेसिन आपोआप गळतात.

मित्राने शेवटी यादी फाडली आणि गाडी सोलापूरची करायला घेतली. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि धुरा (चाकांचा आस) छोट्या ट्रॉलीचे. छताला पांढरा रंग, कारण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की हा पत्र्याचा डबा म्हणजे भट्टी. खरं तर होळी ते मृग तिला झाकूनच ठेवावं. बाहेरचा पत्रा आणि आतलं प्लायवूड यांच्यामध्ये इंचभर थर्माकोल घातलं. छताला उघडझाप होणारी खिडकी ठेवली, माळवदाच्या घराला सवणं असतं तशी. तिचं महत्त्व पहिल्या थंडीत कळलं. खिडक्या घट्ट लावून दोघं झोपले आणि पहाटे खिडकीच्या अॅल्युमिनियमच्या चौकटींवरून श्वासाचं पाणी ठिबकत होतं. आता दोन बाजूंची फट आणि वरचं सवणं कायम बोटभर उघडं असतं. पडद्यांना जुन्या सोलापुरी चादरी फाडल्या. इतकं जाड कापड पडद्याला कुणी लावत नाही, पण पहाटेचा उजेड आणि गार वारा दोन्ही अडतं.

स्वयंपाकाच्या फळीवर गॅसची शेगडी आली, तिला वाऱ्याचा आडोसा म्हणून तीन बाजूंनी पत्रा. आणि मग वहिनींनी पहिली भाकरी थापायला घेतली. चार थापा पडल्या असतील, अख्खी गाडी पाट्यांवर डुलायला लागली. आत ठेवलेला कंदील खुंटीवरून उडी मारून खाली. "भावजी, हे हलतंय की हो! भाकरी थापू का पाळणा हलवू?" परदेशी नकाशांत ही अडचण दिसत नाही, तिकडे कुणी ज्वारी थापत नाही. उपाय साधा होता: मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली स्क्रूचे जॅक. ते जमिनीला टेकवल्याशिवाय परातीला हात लावायचा नाही, असा आता नियम आहे. तरीही पुष्कळदा कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही यावरच भागतं. कडक भाकरी आठवड्यांनी टिकते. प्रवासाला याहून सोयीचं अन्न कुणी शोधलं असेल असं मला वाटत नाही.

चूक झाली ती वजनात. मित्राने हौसेने ४० लिटर पाण्याची टाकी स्वयंपाकघराच्या खाली, म्हणजे अगदी शेपटीला बसवली. त्यात सिलिंडर, तवा, परात, भांडी, सगळं मागेच. मळ्यातल्या सरळ रस्त्यावर जीपमागे जोडून थोडा वेग घेतला तर ट्रेलर कुत्र्याच्या शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोकांड्या खायला लागला. घाबरून थांबलो, हुक काढला, आणि तोंड एकदम वर! मागचा भाग दाणकन जमिनीवर. भाकऱ्यांच्या डब्यात नुसता चुरा उरला. (तो आम्ही दह्यात कालवून खाल्ला, वाया नाही गेला.) ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार पुढे हुकावर यायला हवा. बैलगाडी भरणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलार होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं. मित्राच्या वडिलांनी ट्रेलरकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "उलार झालीय रे." पाण्याची टाकी आता पुढे, दांडीजवळ आहे.

मळ्यातल्या रस्त्यावर असं मुद्दाम लिहिलं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याची नोंदणी, नंबर, दिवे हे सगळं आलंच, आणि घरी बांधलेल्या वस्तूला ते मिळवणं हे प्लायवूड कापण्याहून अवघड काम. ज्या कारला हुक लावायचा तिच्यात केलेल्या बदलांचाही प्रश्न येतो; कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण तो पर्यटन व्यवसायाचा मामला आहे. हौशी माणसाने आधी आरटीओत जाऊन विचारावं, मग सुताराकडे जावं. मित्राने उलटं केलं. म्हणून त्याची टीअरड्रॉप सध्या मोहोळकडच्या त्याच्या मळ्यात, लिंबाखाली, हुरड्याच्या दिवसांत पाहुण्यांची खोली म्हणून वापरात आहे. मागच्या संक्रांतीला आम्ही दोघं तिच्यात झोपलो. रात्री मी कूस बदलली तसा तो झोपेतच म्हणाला, "जॅक लावलेत ना?"