खापर तापण्याआधीचं गणित

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे मांडे होतात. कणकेच्या दोन पाऱ्यांमध्ये पुरणाचा गोळा ठेवायचा, कडा दाबायच्या, हातांवर फिरवत मांडा पातळ वाढवायचा आणि उलट्या खापरावर टाकायचा. खाली जाळ धडधडत असतो, त्यामुळे चुलीजवळच्या बाईला 'पारी झाली का गं?' असं विचारत बसायला फुरसत नसते.

समजा, काकू एका खेपेत 6 पाऱ्या लाटते, आजी एका खेपेत 4 गोळे वळते आणि आई दर मांड्याला 2 पाऱ्या नि 1 गोळा उचलते. काहीच उरू नये अशी सर्वांत लहान फेरी कोणती? काकूच्या 4 खेपा, आजीच्या 3, आणि मांडे 12. परात पुन्हा रिकामी. आता हीच फेरी कितीही वेळा फिरवा.

1987 मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एडवर्ड ली आणि डेव्हिड मेसरश्मिट यांनी हाच हिशेब संकेत-प्रक्रियेच्या, म्हणजे आवाजासारख्या संकेतांवर काम करणाऱ्या (सिग्नल प्रोसेसिंग) प्रोग्रामांसाठी मांडला. आवाज गाळणारा, नमुन्यांचा (ठरावीक क्षणांना मोजलेल्या आवाजाच्या आकड्यांचा) वेग बदलणारा असा प्रोग्रामचा प्रत्येक ठोकळा एका खेपेत किती आकडे घेतो आणि किती देतो, हे ठरलेलं असेल, तर कामाचा क्रम प्रोग्राम चालण्याआधीच लावून ठेवता येतो. या पद्धतीचं नाव सिंक्रोनस डेटाफ्लो.

आधीच का? सीडीवरच्या आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने असतात, म्हणजे एका नमुन्यामागे जेमतेम 22.7 मायक्रोसेकंद. 1983 च्या सुमारास बाजारात आलेली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस 32010 ही चिप तेवढ्या वेळात शंभराच्या थोड्या वर सूचना उरकायची. त्यातल्याच काही 'आता कोणाची पाळी?' यावर खर्च झाल्या, तर मूळ कामाला उरतं काय? शिवाय चिपमध्ये आकडे ठेवायला जागा होती फक्त 144 शब्दांची (एका शब्दात एक आकडा).

जागेचा हा प्रश्न मला सगळ्यात मजेशीर वाटतो. आधी सगळ्या पाऱ्या, मग सगळे गोळे, मग मांडे, असा क्रम लावला तर परातीत 24 पाऱ्या नि 12 गोळे साठतात (आणि पाऱ्या सुकतात, तो वैताग वेगळा). तेच काम आलटून-पालटून करा: काकू, आजी, 3 मांडे, काकू, 1 मांडा, आजी, 2 मांडे, काकू, 2 मांडे, आजी, 1 मांडा, काकू, 3 मांडे. कोणत्याही क्षणी 6 पाऱ्या आणि 4 गोळ्यांच्या वर काही साठत नाही. करून पाहा. फक्त हा क्रम लिहायला लांब. चिपमध्येही तसंच होतं: आकड्यांची जागा वाचते, पण ठोकळ्याची सूचनावली पुन्हा पुन्हा लिहावी लागली तर प्रोग्राम फुगतो.

काही मांडण्या मुळातच जुळत नाहीत. काकूच्या प्रत्येक खेपेला आजीनेही एक खेप करायचीच, असा नियम घातला तर? 6 पाऱ्यांचे मांडे 3, गोळे मात्र 4. दर फेरीला एक गोळा शिल्लक. घरात तो पोरं खातात. यंत्रात ते साठत जातात आणि स्मृती भरून प्रोग्राम कोसळतो. कोणाच्या किती खेपा, याची समीकरणं सोडवताना सगळ्या खेपा शून्य हे एकच उत्तर निघतं, म्हणून हा घोटाळा प्रोग्राम चालवण्याआधीच कळतो.

दुसरी अडचण चक्राची. आवाजात प्रतिध्वनी मिसळायचा तर ठोकळ्याला स्वतःचंच आधीचं उत्तर लागतं. पहिल्या वेळी ते आणायचं कुठून? दह्यासाठी दही लागतं तसं. म्हणून सुरुवातीला एखादा आकडा, बहुधा शून्यच, विरजणासारखा आत ठेवतात. तो नसेल तर सगळे एकमेकांची वाट पाहत बसतात.

नमुन्यांचा वेग सीडीच्या 44,100 वरून डॅट टेपच्या (डिजिटल ध्वनिफितीच्या) 48,000 वर न्यायचा तर 147 नमुने आत, 160 बाहेर. आकडे विचित्र दिसतात, पण दोन्हींना 300 ने भागून पाहा.

हे सगळं जमतं ते खेपेचा आकडा ठरलेला असतो म्हणून. आलेला आकडा बघून पुढचं ठरवणारा ठोकळा मध्ये आला की हा हिशेब अडतो. आजीने गोळा वळताना 'पाहुणे किती?' असं विचारलं की काकूलाही लाटणं थांबवून दाराकडे बघावं लागतं.