वाहून आलेली झाडे नदी घडवतात तेव्हा

नदीचे पात्र पाणी आणि गाळ घडवतात, असे शाळेपासून आपण शिकत आलो. उतार किती, पूर केवढे, सोबत येणारा गाळ गोट्यांचा की बारीक मातीचा, एवढे कळले की पात्र रुंद असेल की अरुंद, सरळ असेल की नागमोडी, याचा अंदाज बांधता येतो, आणि विसाव्या शतकातील नदीशास्त्राचा बराचसा डोलारा याच हिशेबावर उभा राहिला. काठावरच्या झाडाझुडपांना या हिशेबात फारशी जागा नव्हती. नदीने जमीन तयार करायची आणि झाडांनी मागाहून येऊन तिथे वाढायचे, असा तो क्रम होता. गेल्या तीसेक वर्षांत हा क्रम बराच डळमळीत झाला आहे आणि त्यात ईशान्य इटलीतील ताल्यामेंतो या नदीचा मोठा वाटा आहे.

ताल्यामेंतो आल्प्समध्ये माउरिया खिंडीजवळ, सुमारे 1,200 मीटर उंचीवर उगम पावते आणि साधारण 170 किलोमीटर वाहून एड्रियाटिक समुद्राला मिळते. तिच्या पाणलोटातील डोंगररांगांवर काही ठिकाणी वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरच्या मानाने तो निम्माच, पण युरोपच्या मानाने प्रचंड. वसंतात बर्फ वितळल्यावर आणि शरद ऋतूत मुसळधार पावसाने असे दोन वेळा तिला पूर येतात. आल्प्समधून उतरणाऱ्या बहुतेक नद्या एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत बांधबंदिस्ती करून सरळ केल्या गेल्या. ताल्यामेंतोचा मधला टप्पा मात्र मोकळा राहिला. तिथे पांढऱ्या चुनखडीच्या गोट्यांचे पात्र सुमारे किलोमीटरभर आणि कुठे कुठे त्याहूनही रुंद पसरलेले असून त्यात वेणीच्या पेडांसारखे अनेक प्रवाह एकमेकांत मिसळतात आणि पुन्हा वेगळे होतात. एखादा मोठा पूर येऊन गेला की त्यांची जागा बदललेली असते.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील अँजेला गर्नेल आणि त्यांचे सहकारी 1990 च्या दशकापासून या नदीचा अभ्यास करत आले आहेत. त्यांचे लक्ष वेधले ते गोट्यांच्या विस्तीर्ण पात्रात मधेच उभ्या असलेल्या झाडीच्या बेटांनी. ही बेटे येतात कुठून, याचे उत्तर बऱ्याच अंशी काळा पॉप्लर या एका झाडाच्या स्वभावात दडलेले आहे.

शरद ऋतूतील पुरात काठावरचे रान कापले जाते आणि आख्खी झाडे मुळांसकट प्रवाहात पडतात. पूर ओसरू लागला की अशी झाडे पात्रातील उंचवट्यांवर अडकतात. मुळांचा गड्डा जड असल्याने तो आधी जमिनीला घासतो आणि रुतून बसतो. मग झाड पाण्याच्या रेट्याने वळते आणि बहुधा मुळे प्रवाहाच्या वरच्या दिशेला, शेंडा खालच्या दिशेला अशा आडव्या स्थितीत स्थिरावते. गड्ड्यावर आपटून पाणी दुभंगते आणि त्याच्या पुढ्यात नि कडांना खोलगट खड्डा पडतो. उलट फांद्यांच्या आडोशाला पाण्याचा वेग इतका कमी होतो की एरवी थेट समुद्रापर्यंत गेली असती अशी बारीक वाळू आणि गाळ तिथे खाली बसतो. पुराचे पाणी उतरते तेव्हा गोट्यांच्या उजाड पसाऱ्यात आडव्या पडलेल्या खोडामागे वाळूचे एक निमुळते शेपूट दिसू लागते. गोट्यांमधून पाणी झरझर निघून जाते, पण या वाळूत ओल टिकते, आणि शिवाय पुरासोबत आलेला पालापाचोळा, काटक्या आणि इतर झाडांचे बी याच जागी येऊन अडकते.

एवढे होऊनही खोड मेलेले असते तर गोष्ट इथेच संपली असती, कारण सुकलेले लाकूड फार तर काही पूर तग धरते. पण पॉप्लर आणि त्याच्या सोबतीचे विलो यांची उखडलेली खोडे जिवंत असतात. पुढच्या हंगामात त्यांना धुमारे फुटतात आणि नवी मुळे खाली भूजलाच्या दिशेने उतरतात. पुढच्या पुरात हे धुमारे पाण्याला आणखी अडवतात, त्यामुळे आणखी वाळू साचते आणि धुमारे तिच्यात अर्धेमुर्धे गाडले जातात. असे गाडले जाणे बहुतेक झाडांच्या जिवावर बेतते. पॉप्लरला मात्र गाडल्या गेलेल्या भागातून नवी मुळे फुटतात आणि झाड वर वाढत राहते. अशा रीतीने पुरामागून पूर झेलत जमीन चढत जाते आणि पात्राच्या तळापासून मीटर-दोन मीटर उंच असे बेट तयार होते. शेजारची छोटी बेटे एकत्र येतात, त्यांच्यामधून वाहणारे प्रवाह कमी पण खोल होतात, आणि काही बेटे कालांतराने काठाला चिकटून पूरमैदानाचाच भाग बनतात.

बियांपासून उगवलेल्या रोपांना हे साधणे कितीतरी अवघड असते. पॉप्लरचे कापसाळ बी उन्हाळ्याच्या तोंडाला उडते आणि जेमतेम काही दिवस ते काही आठवडे जिवंत राहते. त्याला ओली, उघडी आणि सावली नसलेली वाळू लागते. रुजल्यावरही पूर ओसरताना भूजल जसजसे खाली जाईल तसतसे मुळाला त्याच्या मागे धावावे लागते. उत्तर अमेरिकेतील याच कुळातल्या कॉटनवुड या झाडावरील अभ्यासांवरून असे दिसते की पाणी दिवसाला साधारण अडीच सेंटिमीटरहून वेगाने उतरले, तर बहुतेक रोपे सुकून जातात. यातून जी वाचतात त्यांतली बरीचशी शरद ऋतूतील पुरात उपटली जातात. वाहून आलेल्या खोडाजवळ अन्नाचा साठा तयार असतो, म्हणून त्याचे धुमारे पहिल्याच वर्षी रोपांना मागे टाकतात. महापुरात झाडे जातात आणि लव्हाळे वाचतात, हे आपल्याकडे लहान पोरालाही पाठ असते. लव्हाळ्याबद्दल ते खरेच आहे, कारण वाकणारी वनस्पती पाण्याचा रेटा अंगावर घेत नाही. पण इथे वाहून गेलेले झाडच दोन-चार किलोमीटर खाली जाऊन नवी जमीन बांधायला घेते.

या सगळ्यात पुराची बाजू दुबळी असते असे अजिबात नाही. दोन-अडीच दशकांहून जास्त टिकलेली बेटे ताल्यामेंतोत विरळाच आढळतात. झाडांची वाढ आणि पुराची ताकद यांच्यात सतत शर्यत चाललेली असते आणि तिचा निकाल जागेनुसार बदलतो. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पिंझानो गावाजवळ नदी एका अरुंद खडकाळ घळीतून जाते. घळीच्या वरच्या अंगाला खडकामुळे भूजल वर ढकलले जाते, झाडांच्या मुळांना ते सहज मिळते, ती झपाट्याने वाढतात आणि पात्र बेटांनी भरून जाते. घळीतून बाहेर पडल्यावर नदी गोट्यांच्या खोल थरांवर पसरते आणि तिचे पाणी जमिनीत मुरू लागते. कोरड्या दिवसांत या पट्ट्यात पात्र पूर्ण आटते, आणि मुरलेले पाणी बऱ्याच खाली, मैदानात झऱ्यांच्या रूपाने पुन्हा वर येते. या कोरड्या पट्ट्यात बेटे फारच थोडी आहेत. नदी तीच, पूर तेच, गोटेही तेच. फरक झाडांना मिळणाऱ्या पाण्याचा आहे आणि तेवढ्याने पात्राचे रूप पालटते.

तरीही शंकेखोर वाचक म्हणेल की निसर्गात शंभर गोष्टी एकाच वेळी बदलत असतात, मग श्रेय झाडांना कशावरून द्यायचे? म्हणून प्रयोगशाळेत जावे लागते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेत मिशाल ताल आणि ख्रिस पाओला यांनी वाळूने भरलेल्या मोठ्या पन्हळीत छोटी नदी वाहती केली. अपेक्षेप्रमाणे तिचे अनेक प्रवाह झाले आणि ते वाळूत भटकू लागले. मग त्यांनी पाणी कमी करून बी पेरले, रोपांना काही दिवस वाढू दिले, थोडा वेळ पूर सोडला, आणि हे चक्र पुन्हा पुन्हा चालवले. पेरलेले बी लसूणघासाचे होते. आपल्याकडे दुभत्या जनावरांसाठी बांधावर लावतात तीच. रोपांनी उथळ बाजूंना वाळू धरून ठेवली, छोटे प्रवाह बुजत गेले, पाणी एकवटले आणि अखेरीस एकच, वळणे घेणारा प्रवाह उरला. हे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. पाण्याचे प्रमाण आणि वाळू तीच ठेवून केवळ वनस्पतींमुळे नदीची जात बदलते, हे यातून स्वच्छ दिसले.

याच प्रश्नाचा एक धागा भूगर्भाच्या इतिहासात फार मागे जातो. जमिनीवर मुळे धरणाऱ्या वनस्पती पसरण्याआधीच्या, म्हणजे साधारण 42 कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांचे जे खडक सापडतात, त्यांत वाळूचे रुंद, चादरीसारखे थर जास्त आणि चिखलाचे थर कमी दिसतात. नंतरच्या खडकांत चिखल वाढतो आणि वळणाऱ्या नद्यांच्या खुणा ठळक होतात. सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरील सर्वांत मोठा जीवसंहार झाला, तेव्हा दक्षिण आफ्रिकेतील कारू खोऱ्यातील नद्या वळणदार रूप सोडून पुन्हा अनेक प्रवाहांच्या झाल्या, आणि काठची झाडी नष्ट झाल्याचा तो परिणाम असावा, असे तेथील खडकांच्या अभ्यासकांनी मांडले. इथपर्यंत चित्र फारच नेटके वाटते. परंतु अमेरिकेतील वाळवंटी भागांत आजही झाडीशिवाय नागमोडी वाहणारे प्रवाह आहेत, म्हणजे वळणासाठी वनस्पती हवीच असे नाही. चिकट मातीही काठ धरून ठेवू शकते. अलेस्सांद्रो इएल्पी आणि मॅथ्यू लापोत्र यांनी 2020 मध्ये अशा वळणांची तुलना झाडी असलेल्या नद्यांशी केली, तेव्हा उघड्या काठांची वळणे सुमारे दहापट वेगाने सरकत असल्याचे आढळले. वनस्पती वळणे निर्माण करतात असे म्हणण्यापेक्षा त्या वळणांना थोपवून धरतात असे म्हणणे मला अधिक पटते. वळण सावकाश सरकले तरच पुराचा बारीक गाळ काठापलीकडे थरावर थर साचत राहायला उसंत मिळते, आणि सुपीक पूरमैदाने तयार होतात ती अशीच.

शर्यतीतून पूर काढून घेतला तर काय होते, हे अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील प्लॅट नदीवर पाहायला मिळते. एकोणिसाव्या शतकात ही नदी उथळ, वाळूची आणि ठिकठिकाणी किलोमीटरहून अधिक रुंद होती. पुढे वरच्या भागात धरणे आणि कालवे झाले. त्यांपैकी किंग्स्ली हे मोठे धरण 1941 मध्ये पूर्ण झाले. वसंतातील पूर ओसरले, वाळूही धरणांमागे अडकली, आणि पूर्वी दरवर्षी वाहून जाणारी कॉटनवुड नि विलोची रोपे उघड्या वाळूवर तगून मोठी झाली. काही भागांत पात्राची रुंदी पूर्वीच्या एक पंचमांशाहूनही कमी उरली. दर वसंतात लाखो सँडहिल क्रौंच स्थलांतराच्या वाटेवर याच नदीत उतरतात, आणि रात्री विसाव्यासाठी त्यांना चारी बाजूंनी मोकळे, उथळ पाणी लागते. झाडी दाटलेल्या पट्ट्यांत ते उतरत नाहीत. म्हणून आता तिथे धरणांतून मुद्दाम थोड्या काळासाठी जास्त पाणी सोडून पाहिले जाते, पण एकदा मुळे खोल गेलेली झाडी तेवढ्या पाण्याने निघत नाही. तणनाशके फवारावी लागतात, नदीत बाहेरून वाळू ढकलावी लागते, आणि पात्रातल्या बेटांवर ट्रॅक्टरला तव्यांचा कुळव जोडून, शेतात फिरवावा तसा तो फिरवावा लागतो. झाडी पुन्हा वाढते, म्हणून हे काम थोड्या थोड्या काळाने परत करावे लागते.