दीर्घिकाप्रकाशाचे पृथक्करण : तारकानिर्मिती व कृष्णविवर

दीर्घिकेच्या एकत्रित प्रकाशातून तरुण ताऱ्यांचा वाटा आणि केंद्रस्थ कृष्णविवरात ओढल्या जाणाऱ्या द्रव्याचा वाटा वेगळा काढण्याची पद्धत. दोहोंमुळे भोवतालच्या वायूचे आयनीभवन होते (अणूंतील इलेक्ट्रॉन सुटतात) व वर्णपटात बहुतांशी त्याच उत्सर्जन रेषा उमटतात. फरक असतो तो त्यांच्या परस्पर प्रमाणात. तप्त ताऱ्यांचे प्रारण जंबुपार भागापलीकडे झपाट्याने क्षीण होते. कृष्णविवराभोवतीच्या तप्त द्रव्याचे प्रारण क्ष-किरणांपर्यंत पोहोचते आणि वायूत खोलवर शिरून अंशतः आयनीभूत झालेला विस्तीर्ण पट्टा निर्माण करते. नायट्रोजन, गंधक यांच्या रेषा तेथे बळावतात.

बाल्डविन, फिलिप्स व टर्लेविच यांनी १९८१ मध्ये या गुणोत्तरांची आकृती मांडली. आज रूढ असलेल्या रूपात आडव्या अक्षावर नायट्रोजन (६५८४ अँगस्ट्रॉम; तरंगलांबीचे एकक) व हायड्रोजन-आल्फा (६५६३) यांचे, तर उभ्या अक्षावर ऑक्सिजन (५००७) व हायड्रोजन-बीटा (४८६१) यांचे गुणोत्तर असते. प्रत्येक जोडीतील तरंगलांबी जवळजवळ असल्याने धुळीचा परिणाम जवळपास छेदला जातो. पद्धतीचे खरे बळ यातच आहे. तारकानिर्मिती व सक्रिय कृष्णविवर यांना आकृतीत विभागणाऱ्या सीमारेषा मात्र दोन आहेत. क्युली व सहकाऱ्यांची २००१ ची रेषा सैद्धान्तिक प्रतिमानांवर, तर काउफमान व सहकाऱ्यांची २००३ ची रेषा स्लोन आकाश-सर्वेक्षणातील निरीक्षणांवर बेतलेली आहे. त्यांच्या मधल्या दीर्घिकांना ‘संमिश्र’ म्हणतात.

सर्वाधिक वाद ‘लायनर’ (अल्प आयनीभूत वायूच्या रेषा दाखवणारी दीर्घिकाकेंद्रे) या गटाविषयी आहे. हेकमन यांनी तो १९८० मध्ये वेगळा काढला. या मंद रेषा दुर्बल कृष्णविवराच्या, आघात तरंगांच्या की वृद्ध ताऱ्यांच्या? त्या केंद्रापुरत्या न राहता दीर्घिकाभर पसरलेल्या असतील, तर वृद्ध तप्त ताऱ्यांकडे बोट दाखवणारे मत अधिक ग्राह्य वाटते. अशा वेळी हायड्रोजन-आल्फाची समतुल्य रुंदी (भोवतालच्या अखंड प्रकाशाच्या तुलनेत रेषेचे बळ) पाहतात. ती ३ अँगस्ट्रॉमहून कमी असल्यास कृष्णविवर सक्रिय मानत नाहीत. धातुप्रमाण (हेलियमहून जड मूलद्रव्यांचे प्रमाण) कमी असलेल्या दूरच्या दीर्घिकांत कृष्णविवर सक्रिय असूनही आकृतीतील बिंदू तारकानिर्मितीच्या बाजूला पडतो. तेथे क्ष-किरण, अवरक्त व रेडिओ निरीक्षणांची जोड लागते.

केंद्रातील तेजाच्या उगमाविषयी वेगळी भूमिका घेणाऱ्यांत कोल्हापूर येथे १९३८ मध्ये जन्मलेले जयंत नारळीकर येतात. खगोलशास्त्रज्ञ हॉईल व बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात त्यांनी दीर्घिकाकेंद्रांतील उद्रेकांचा संबंध द्रव्यनिर्मितीशी जोडला. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ द्रव्य आत ओढले जाण्याचेच स्पष्टीकरण मानतात. प्रस्तुत नोंदही तेच गृहीत धरते.

तारकानिर्मिती व सक्रिय कृष्णविवर एकत्र असल्याचे तिमिंगल तारकासमूहातील मेसिए ७७ ही दीर्घिका उत्तम उदाहरण. तिच्या केंद्रात सक्रिय कृष्णविवर असून त्याभोवती जोमदार तारकानिर्मितीचे कडे आहे. खगोलीय विषुववृत्तालगत असल्याने कोल्हापूरच्या (सु. १६.७° उत्तर) आकाशात ती सुमारे ७३° उंची गाठते. डिसेंबरच्या रात्री पन्हाळ्यासारख्या अंधाऱ्या उंचवट्यावरून लहान दुर्बिणीतही तिचा धूसर ठिपका दिसतो. कडे व केंद्र वेगळे ओळखण्यास मात्र वर्णपटच लागतो.