कायोटीच्या डोळ्यांना दिसणारी बंडी

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या माळरानावर जानेवारीतली पहाट. सीडरच्या झुडपाला पाठ टेकून एक माणूस जमिनीवर बसलाय. तीसेक मीटरवर गवतात ठेवलेल्या स्पीकरमधून ससा किंचाळतोय. कुणाच्या तरी जबड्यात सापडलेला ससा ओरडतो तसा चिरका, अंगावर काटा आणणारा आवाज आहे. माणूस मात्र हलत नाही. तो वाट बघतोय कायोटीची. पुस्तकात कायोटी, तिथल्या गुराख्यांच्या तोंडी नुसतं 'कायोट'. आपल्या कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून लहान असलेला हा प्राणी आता जवळपास सगळ्या उत्तर अमेरिकेत पसरला आहे.

आपल्याकडे संस्थानिकांच्या शिकारीत हाकारे डबे वाजवत जनावराला मागून हुसकत आणायचे. इथे उलटा प्रकार. जनावर आपण होऊन येतं, आणि येतं ते नेमकं आवाजाच्या उगमाकडे टक लावून. म्हणजे हरणाच्या शिकारीत लपणं जेवढं लागतं, त्याच्या कितीतरी पट इथे लागतं. हरणाला माणूस आहे याची कल्पना नसते, तर कायोटीला त्या दिशेला काहीतरी आहे हे ठाऊकच असतं.

या शिकाऱ्याच्या अंगावर जाड कोटावरून घातलेली एक बिनबाह्यांची बंडी असते. तिला खिसेच खिसे. तोंडाने वाजवायच्या शिट्ट्या, स्पीकरचा रिमोट, जादा बॅटऱ्या, हातमोजे, अंतर मोजायची दुर्बीण असं सगळं त्यात. पाठीला खाली सोडता येणारी गादी. कापडावर पानं, काटक्या, साल यांची हुबेहूब छपाई. १९८६ मध्ये अमेरिकेत रिअलट्री आणि मॉसी ओक या दोन कंपन्या सुरू झाल्या आणि फोटोसारख्या दिसणाऱ्या या कापडाची लाटच आली. दुकानात ट्यूबलाइटखाली हातभर अंतरावरून बघितलं की माणूस हरखतो. झाडाची सालच जणू! गोम अशी, की ही बंडी निवडतो आपण आपल्या डोळ्यांनी, आणि बघणारे डोळे असतात दुसऱ्याचे.

ते डोळे कसे असतात? १९८९ मध्ये जे नाइट्झ, टिमोथी गाइस्ट आणि जेराल्ड जेकब्स यांनी पाळीव कुत्र्यांना रंग ओळखायला शिकवून त्यांची परीक्षा घेतली. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, कुत्र्याच्या डोळ्यात दोन. एक प्रकार सुमारे ४२९ नॅनोमीटर लहरलांबीच्या जांभळट-निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो, दुसरा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्याला. तांबडा आणि हिरवा वेगळे करणारी जोडीच नाही. कायोटी कुत्र्याच्या अगदी जवळच्या नात्यातला, एकाच प्रजातिकुळातला. त्याचं जगही निळं, पिवळं आणि मधल्या करड्या छटांचं. त्यामुळे गवत हिरवं की वाळलेलं, बंडी ऑलिव्ह की मातकट, यावर दुकानात होणारा काथ्याकूट बहुतेक वाया जातो. कायोटीला महत्त्वाची आहे ती उजळ-गडद छटा.

आणि छटांचे डाग किती मोठे, हेही. इथे थोडं गणित करू. निरोगी मानवी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा दिसतो, म्हणजे १०० मीटरवर साधारण ३ सेंटिमीटरचा. कुत्र्याच्या नजरेची तीक्ष्णता डोळ्यांच्या दवाखान्यातल्या भाषेत २०/७५ च्या आसपास धरतात. म्हणजे आपल्याला ७५ फुटांवरून दिसतं ते त्याला २० फुटांवर यावं तेव्हा दिसतं. तेच प्रमाण लावलं तर १०० मीटरवरून कायोटीला ११ सेंटिमीटरपेक्षा बारीक काहीच सुटं दिसणार नाही. बंडीवरची ती नक्षीदार पानं दोन-तीन सेंटिमीटरची! ती सगळी एकमेकांत विरघळून माणसाच्या आकाराचा एक सलग काळपट गोळा तेवढा उरतो. छपाई जितकी नाजूक, तितका गोळा पक्का.

मग चांगलं कापड कोणतं? हातापेक्षा मोठे उजळ आणि गडद डाग असलेलं, आणि त्यातले काही डाग खांद्याच्या, कमरेच्या कडेपर्यंत जाऊन तिथे तुटणारं. कडा महत्त्वाची का, याची एक सुरेख चाचणी २००५ मध्ये इनिस कटहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिस्टलजवळच्या जंगलात केली. त्यांनी कागदाचे त्रिकोणी 'पतंग' (दिव्याभोवती घिरट्या घालणारे कीटक, त्यांच्या आकाराचे) करून ओकच्या खोडांवर लावले आणि प्रत्येकाला खाऊ म्हणून एक मेलेली अळी जोडली. काहींवरचे डाग कडेला भिडलेले, काहींवरचे आतच. रंग तेच. पक्ष्यांनी कडेला भिडलेल्या डागांचे पतंग सगळ्यांत कमी शोधले. बाह्यरेषा मोडली की 'वस्तू' मोडते. गंमत म्हणजे ज्या जुन्या चौकटीच्या लोकरी जाकिटांना आजचे शिकारी हसतात, त्यातली मोठ्या चौकटींची जाकिटं या हिशोबात नव्या फोटोछाप बंडीपेक्षा फार मागे नाहीत.

आता त्या निळ्या शंकुपेशीकडे येऊ, कारण खरी गडबड तिथे आहे. आणि ती मराठी घराला अनोळखी नाही. आमच्या पिढीतल्या लोकांना टिनोपाल आठवत असेल. धोतरं, शाळेचे सदरे बादलीत चिमूटभर टिनोपाल टाकून बुचकळले की असे पांढरे व्हायचे की डोळे दिपावेत. नीळ आणि टिनोपाल यांत फरक आहे. नीळ हा साधा निळा रंग, कापडाचा पिवळेपणा झाकणारा. टिनोपालसारखी द्रव्यं मात्र डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतात आणि ती ऊर्जा दृश्य निळ्या प्रकाशाच्या रूपात परत टाकतात. कापड स्वतःवर पडलेल्या दृश्य प्रकाशापेक्षाही जास्त प्रकाश फेकू लागतं. आज ही द्रव्यं बहुतेक कपड्यांच्या पावडरींत आधीच घातलेली असतात, आणि सुती धाग्याला ती घट्ट चिकटतात.

ती फेकतात तो प्रकाश साधारण ४२० ते ४७० नॅनोमीटरचा. कुत्र्याची निळी शंकुपेशी ४२९ ला. म्हणजे नेमका त्याच खिडकीतून दिवा लावल्यासारखं. शिवाय २०१४ मध्ये रॉन डग्लस आणि ग्लेन जेफ्री यांनी अनेक सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांची भिंगं तपासली, तेव्हा कुत्र्याचं भिंग अतिनील-ए, म्हणजे दृश्य प्रकाशाला लागून असलेल्या अतिनील किरणांतले निम्म्याहून जास्त किरण आत सोडतं असं दिसलं. प्रौढ माणसाचं भिंग ते जवळजवळ सगळे अडवतं. पहाटे आणि संध्याकाळी आकाशातून येणाऱ्या उजेडात निळ्याचा वाटा वाढतो, आणि कायोटी फिरतात त्याच वेळी. तपकिरी बंडी भुताटकीसारखी निळसर चमकते, आणि तिच्या मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

तपासायचं कसं? नोट खरी की खोटी बघायला वापरतात तसला अतिनील टॉर्च अंधाऱ्या खोलीत बंडीवर मारायचा. निळा उजेड आला की द्रव्य आहे. नव्या, न धुतलेल्या बंडीतही ते निघू शकतं, म्हणून मी तर टॉर्च खिशात घेऊनच दुकानात जावं म्हणेन. पुढे धुताना उजळपणा आणणारं द्रव्य नसलेला साबण. मात्र विक्रेते या प्रकाराचं जितकं नाट्य करतात तितकं मला पटत नाही. चमकणारी पण स्थिर बंडी एकवेळ खपून जाईल. न चमकणारी पण चुळबुळणारी खपणार नाही.

बर्फात प्रश्न उलटा फिरतो. ताजा बर्फ अतिनील किरणही भरपूर परत फेकतो, तर बरीच पांढरी कापडं ते शोषतात. आपल्याला पांढऱ्यावर पांढरं दिसतं, अतिनील दिसणाऱ्याला पांढऱ्यावर काळपट. उत्तरेकडच्या रेनडिअरांना अतिनील दिसतं हे २०११ मध्ये सिद्ध झालं, आणि त्यांना त्याचा फायदा हाच: बर्फावर लांडग्याची लोकर आणि मूत्राचे डाग काळे उठून दिसतात.

चुळबुळीकडे वळू. १९३६ च्या एका चाचणीत पोलिस कुत्र्यांना दूरवरची वस्तू दाखवली. सर्वांत तेज कुत्र्यांना हलती वस्तू ८१० ते ९०० मीटरवरून कळली. तीच वस्तू स्थिर ठेवल्यावर ५८५ मीटरच्या आत यावं लागलं. बारीक तपशिलाच्या बाबतीत आपल्याहून मंद असलेली ही नजर हालचालीला मात्र विलक्षण जागी असते. म्हणून माझ्या मते बंडीतली सर्वांत मोलाची गोष्ट तिचं कापड नाही, पाठीमागची गादी आहे. एका जागी पंधरा-वीस मिनिटं बसायचं, पुन्हा पुढच्या जागी तेवढंच. गोठलेली जमीन शरीराची उष्णता ओढून घेते, मांडी बधिर होते आणि माणूस न कळत कूस बदलतो. बंद छिद्रांचा फोम पाणी पीत नाही आणि उष्णताही सहज जाऊ देत नाही. दाबल्यावर बोटं एकमेकांना लागतील इतकी पातळ गादी असेल तर ती बंडी नकोच.

खिशांची रचनाही याच कसोटीवर. रिमोट हवा छातीच्या खालच्या खिशात, बंदूक न धरणाऱ्या हाताला, न बघता सापडेल असा. स्पीकर दूर ठेवण्यात मेख हीच, की कायोटीची नजर तिकडे जावी. मग रिमोट शोधायला तुम्ही कोपर उचललंत तर सगळं मुसळ केरात. वीस खिशांच्या बंडीपेक्षा सहा खिशांची, पण ज्यात प्रत्येक वस्तूची जागा हाताला पाठ आहे अशी बरी. स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा अंधारातही उघडता येतो तसं.

खिसे बंद कशाने होतात हे विचारायला लोक विसरतात. व्हेल्क्रो हा स्विस अभियंता जॉर्ज द मेस्ट्राल याचा शोध. कुत्र्याच्या अंगाला चिकटलेल्या गोखरूसारख्या काटेरी बोंडांवरून सुचलेला. उत्तम वस्तू, पण उघडताना शेकडो आकडे एकामागून एक सुटतात आणि 'चर्रर्र' असा आवाज होतो. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५ पर्यंत. आपल्याला कोरडा वाटणारा आवाज त्याच्या कानी वेगळाच पडत असणार. कडक नायलॉनची सळसळही तशीच. लवदार पृष्ठ असलेली लोकर, फ्लीस किंवा घासून मऊ केलेलं सुती कापड शांत. दुकानात सोपी परीक्षा म्हणजे बंडी कानाजवळ धरून नखाने ओरखडायची. बंदासाठी बटणं चालतात, हल्ली लोहचुंबक आलेत. ते नीरव असतात खरे, पण छातीच्या खिशातलं होकायंत्र त्यांच्या शेजारी वेडं होतं, आणि हृदयात पेसमेकर असलेल्याने बळकट चुंबक किमान १५ सेंटिमीटर दूरच ठेवायला हवेत.

राहिला वास. कोळसा मिसळलेली, 'गंध शोषणारी' कापडं महाग विकली जातात. २००२ मध्ये जॉन शिविक यांनी असा पोशाख घातलेली माणसं लपवून शोधकुत्री सोडली. पोशाखाने कुत्र्यांचं काही अडलं नाही. श्वास, केस, त्वचेचे सुटणारे सूक्ष्म पापुद्रे, सगळं बंडीच्या बाहेरच असतं. कायोटी हे जाणून असल्यासारखा वागतो: सरळ आवाजाकडे न येता वळसा घालून, वारा माणसाकडून जिकडे वाहतो त्या अंगाने येतो, आधी नाकाने खात्री करतो.

त्यावर उपाय कापडात नाही, पण खिशात असतो. जुने शिकारी मिल्कवीडची वाळलेली बोंडं जवळ ठेवतात आणि वाऱ्याची दिशा बघायला त्यातला एक रेशमी तंतू सोडतात. ही वनस्पती आपल्या रुईची जातभाई. लहानपणी अंगणातून उडत जाणारी 'म्हातारी' पकडायला आपण धावायचो ना, तीच ही. पावडरची बाटली दाबली तर हातभरावरचा वारा कळतो. म्हातारी मात्र शंभर मीटरपर्यंत डोळ्यांदेखत तरंगत जाते, खड्ड्यावर खाली बसते, उतारावर वळते, आणि वास कुठे पोहोचणार याचा नकाशाच काढून देते.

या शिकारीबद्दल अमेरिकेतही एकमत नाही. कायोटी मारण्याच्या बक्षिसी स्पर्धांवर कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये बंदी घातली, व्हरमाँटने २०१८ मध्ये, नंतर आणखी काही राज्यांनी. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार कोल्ह्याला असं बोलावून मारणं हा गुन्हाच. पण बंडी आपल्याकडेही आली आहे, भिगवणच्या पाणथळीवर कॅमेरा घेऊन बसणाऱ्यांच्या अंगावर. तिथे बघणारे डोळे पक्ष्यांचे. त्यांना शंकुपेशी चार प्रकारच्या, आणि रंग ओळखण्यात ते आपल्यालाही मागे टाकतात. म्हणजे कायोटीसाठी चालून गेलेला हिरव्या-तपकिरीचा घोळ तिथे चालणार नाही, आणि टिनोपालची चमक तर मुळीच नाही.

नेब्रास्कातला माणूस विसेक मिनिटांनी उठतो, गादी पाठीला बकलाने अडकवतो आणि खिशातून एक पातळ, भडक नारिंगी जाळीची बंडी काढून वरून चढवतो. झुडपात बसून सशासारखं किंचाळणाऱ्या माणसाला खरा धोका कायोटीचा नसतो, तोच आवाज ऐकून आलेल्या दुसऱ्या शिकाऱ्याचा असतो. तो नारिंगी रंग ६०० नॅनोमीटरच्या आसपासचा. माणसाला तो अर्ध्या मैलावरून ओरडून दिसतो. कायोटीच्या दोन शंकुपेशींना तोच वाळलेल्या गवतासारखा पिवळट.